वाढत्या टेक कंपनीत वर्षभर: काय भावलं, काय खटकलं

एका मोठ्या, स्थिरावलेल्या कंपनीतून मी वाढत्या सॉफ्टवेअर कंपनीत आले, त्याला आता वर्ष उलटून गेलं. येण्याआधी अशा कंपन्यांबद्दल बरंच वाचलं होतं. पण ते बहुतेक पहिल्या महिन्याच्या उत्साहात लिहिलेलं, नाहीतर राजीनामा दिल्यावर संतापून. मधल्या काळात रोज तिथे काम करताना काय वाटतं ते फारसं सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही. यातलं बरंचसं एका कंपनीपुरतं नाहीच, ते वाढीच्या या टप्प्याचं आहे.

मी बॅकएंडवर, म्हणजे वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या सर्व्हरच्या बाजूवर, काम करते. आले तेव्हा आम्ही चाळीसेक माणसं होतो, आता दीडशेच्या घरात आहोत.

आवडलेल्या गोष्टींत सगळ्यात वर आहे हातात येणारं काम. आधीच्या ठिकाणी लहानसा बदल करायचा तरी मंजुरी घेण्यात दिवस जायचे. इथे पहिल्याच आठवड्यात माझा कोड प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीमवर, गेला, आणि थोड्याच दिवसांत एक खरी अडचण पूर्णपणे माझ्याकडे सोपवली गेली. ग्राहकांना एकाच व्यवहाराचे मेसेज कधीकधी दोनदा जात होते. मी डिझाइन लिहून रिव्ह्यूला टाकलं. आमच्या टीममधल्या सीनियरने त्यावर ‘हे बदल’, ‘ते काढ’ असं काही लिहिलं नाही. एकच प्रश्न विचारला: ‘मेसेज गेला, पण तो गेल्याची नोंद व्हायच्या आत सर्व्हर पडला, तर?’ त्या प्रश्नामागे लागून मी आयडेम्पोटन्सी, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तरी परिणाम एकदाच होणं, मुळापासून शिकले. प्रत्येक विनंतीला स्वतःची ‘की’ (ओळखखूण), तीच की पुन्हा आली तर जुनंच उत्तर परत द्यायचं, आणि ही नोंद मूळ व्यवहाराबरोबर डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही अशी, ठेवायची. असं शिकवणारी माणसं शेजारी असणं ही मला या नोकरीतली सगळ्यात मोठी मिळकत वाटते.

दुसरी गोष्ट चुकांकडे बघण्याची पद्धत. एका रात्री डिप्लॉयनंतर, म्हणजे नवा कोड चालू सिस्टीमवर टाकल्यावर, डेटाबेसची कनेक्शन्स संपली आणि अर्धी सेवा ठप्प झाली. कारण साधं होतं. नव्या कोडमध्ये एका एरर पाथवर कनेक्शन परत सोडलं जात नव्हतं, आणि ट्रॅफिक वाढताच पूल, म्हणजे ठरावीक कनेक्शन्सचा साठा, रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम, म्हणजे बिघाड कसा झाला याचं टिपण, लिहिलं, त्यात कुणाचंही नाव नव्हतं. घटनाक्रम, अलर्ट उशिरा का वाजला, रोलबॅकला (जुन्या कोडवर परत जायला) वेळ का लागला आणि पुढे काय बदलायचं, एवढंच होतं. मीटिंगला संस्थापक स्वतः बसले होते आणि ‘कुणी केलं’ हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत विचारला नाही. ज्याच्या कोडमध्ये गडबड होती त्याने स्वतःच सगळं सांगितलं, कारण सांगण्यात धोका नव्हता. हे वातावरण टिकवायला वरच्या माणसांना रोज मेहनत घ्यावी लागते. ती घेतली जाताना मी बघते आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता खटकणाऱ्या बाजूकडे येते, आणि इथे जरा थांबून लिहायला हवं. लोक सहसा जास्त काम, धावपळ, अनिश्चितता यांच्याबद्दल तक्रार करतात. माझ्या मते खरं दुखणं वेगळंच आहे: कंपनी वाढते, पण निर्णय कुणी, कधी आणि का घेतला याची नोंद ठेवण्याची सवय तिच्याबरोबर वाढत नाही. चाळीस माणसं असताना कुणालाही खुर्ची वळवून विचारता यायचं. चाळीस माणसांत आपसांतल्या जोड्या ७८० होतात, दीडशेत ११,१७५. म्हणजे माणसं चौपटही झाली नाहीत, पण बोलण्याच्या वाटा चौदापटीहून जास्त झाल्या. तरीही सगळं तोंडी चालू राहतं, कारण आजवर ते चाललेलं असतं.

याचा रोजच्या कामात त्रास कसा होतो ते सांगते. आमच्या एका सर्व्हिसमध्ये टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) विचित्र वाटावा इतका मोठा ठेवला होता. कमिटच्या (कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या) मेसेजमध्ये फक्त ‘फिक्स’ असं लिहिलेलं. ज्याने लिहिलं तो कंपनी सोडून गेलेला. कमी करावा तर कुठल्या ग्राहकाचं काय मोडेल माहीत नाही, आणि तसाच ठेवावा तर गर्दीच्या वेळी थ्रेड, म्हणजे सर्व्हरवर एकाच वेळी चालणारी कामं, अडकून पडतात. जुन्या चॅटमध्ये शोधण्यात दोघांचा जवळपास आख्खा दिवस गेला. तो निर्णय घेतानाच चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर हा दिवस वाचला असता. हल्ली आमच्या टीममध्ये प्रत्येक मोठ्या निर्णयाचं एक पान लिहायचं असं आम्ही ठरवलं आहे: परिस्थिती काय होती, कोणते पर्याय होते, कोणता निवडला आणि त्यामुळे काय गमावलं. बाकीच्या टीम अजून त्यावर आलेल्या नाहीत.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच लिहिलं होतं की संस्थेत संवादाची जशी रचना असते, तशीच तिने बनवलेल्या सिस्टीमची होते. आमच्याकडे एका टीमच्या दोन टीम झाल्या आणि वर्षाच्या आत नोटिफिकेशन पाठवणाऱ्या सर्व्हिसही दोन झाल्या. दोन्ही जवळपास तेच काम करतात. त्या कुणी मुद्दाम बनवल्या नाहीत. दोन टीमचं आपसांत बोलणं कमी झालं, त्यातून त्या झाल्या.

भरतीबद्दलही लिहायला हवं. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये मांडलं. तरी डेडलाइन हुकायला लागली की पहिला उपाय भरतीचाच निघतो. ज्यांना सिस्टीम पूर्ण माहीत आहे तेच इंटरव्ह्यू घेतात, तेच नव्यांना समजावून सांगतात आणि कोड रिव्ह्यूही त्यांच्याकडेच येतो. त्यांचं स्वतःचं काम संध्याकाळनंतर सुरू होतं. यातून दोन चांगली माणसं थकून गेलेली मी जवळून पाहिली, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

मॅनेजरांचंही तसंच. उत्तम इंजिनिअरला बढती म्हणून मॅनेजर करतात, हाताखाली बारा-चौदा माणसं देतात, पण प्रशिक्षण काही नाही. मग वन-ऑन-वन (मॅनेजरबरोबरच्या दोघांच्याच भेटी) पुढे ढकलल्या जातात आणि अप्रेझलच्या वेळी वर्षभराच्या कामातलं शेवटच्या दोन महिन्यांचंच काय ते आठवतं. माझा मॅनेजर चांगला निघाला. शेजारच्या टीमला ते नशीब लाभलं नाही.

पगारात एक गोष्ट मनाला लागते. नव्याने येणाऱ्याला बाजारभावाने पगार द्यावा लागतो, जुन्या माणसाची वाढ मात्र ठरावीक टक्क्यांनी होते. त्यामुळे ज्याने नव्याला काम शिकवलं त्याचाच पगार कमी, अशी वेळ येते. हे कळायला वेळ लागत नाही, आणि कळल्यावर विश्वासाला तडा जातो.

इसॉपचं, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काचं (ऑप्शनचं), ऑफर लेटरमध्ये फार कौतुक असतं, म्हणून नीट समजून घ्या. नेहमीचं गणित चार वर्षांच्या व्हेस्टिंगचं (ऑप्शन टप्प्याटप्प्याने हक्काचे होण्याचं) असतं: पहिल्या वर्षाचा क्लिफ (किमान थांबण्याची अट), तो ओलांडला की एक चतुर्थांश हक्काचे, उरलेले पुढच्या तीन वर्षांत दर महिन्याला किंवा तिमाहीला. वर्ष भरायच्या आत गेलात तर हातात काही नाही. नुसत्या संख्येवर जाऊ नका. कंपनीचे एकूण शेअर एक कोटी असतील तर तुमचे १,००० ऑप्शन म्हणजे ०.०१ टक्का, आणि निधीच्या प्रत्येक नव्या फेरीत नवे शेअर निघाले की तोही कमी होतो. एक्सरसाइज प्राइस (शेअर ज्या किमतीला घ्यायचा ती) किती, नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरून शेअर घ्यायला मुदत किती, हे लेखी मागा. बऱ्याच कंपन्यांत ही मुदत फक्त ९० दिवसांची असते. विकत घ्यायचे पैसे स्वतःचे, त्यावर करही लागू शकतो, आणि शेअर विकायला बाजार नसेल तर पैसे अडकून राहतात. मी पगाराचा हिशेब इसॉप शून्य धरून केला होता आणि आजही तसाच करते.

ऑन-कॉलचा, म्हणजे बिघाड झाला तर रात्रीही उठून बघायच्या पाळीचा, त्रास सुरुवातीला जास्त होता. रोटेशनमध्ये माणसं कमी, आणि रात्री वाजणाऱ्या अलर्टपैकी बरेच असे की त्यावर करण्यासारखं काहीच नसायचं. मग आम्ही एक नियम केला: ज्या अलर्टवर लगेच काही करायचं नाही, त्याने कुणाची झोप मोडायची नाही, तो सकाळी तिकीट म्हणून यावा. एवढ्यानेच रात्री बऱ्याच शांत झाल्या. नियम सुचवला टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने, आणि तो त्याच आठवड्यात लागू झाला. माझ्या जुन्या कंपनीत अशी सूचना समितीपर्यंतही पोचली नसती.

अमर्याद रजेबद्दल, म्हणजे वर्षाला किती रजा घ्यायच्या याला मर्यादाच नसण्याबद्दल, थोडंसंच. रजेचा आकडाच नसल्याने शिल्लक नाही, आणि शिल्लक नाही म्हणून सोडताना त्याचे पैसेही नाहीत. मॅनेजर स्वतः रजा घेत असेल तरच बाकीचे बिनधास्त घेतात.

मी सध्या इथेच राहणार आहे. तुम्ही अशा ठिकाणी जाणार असाल तर इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘काही प्रश्न आहेत का’ असं विचारतील तेव्हा हे विचारा: शेवटचं पोस्टमॉर्टेम कशाबद्दल होतं आणि त्यातल्या किती गोष्टी दुरुस्त झाल्या? ऑन-कॉलला किती जण आहेत? माझ्या मॅनेजरकडे किती माणसं असतील? गेल्या तिमाहीत ठरवलेलं एखादं काम मध्येच सोडलं असेल, तर ते का सोडलं हे कुठे लिहिलेलं आहे? शेवटच्या प्रश्नाला समोरच्याने स्क्रीन शेअर करून ते पान दाखवलं, तर पगारात थोडं कमी-जास्त असलं तरी मी ती ऑफर घेईन.