गाडीचा 'ओरिजिनल' रंग बनवून देतो म्हणणाऱ्याकडून झालेली फसवणूक

दसऱ्याला बाबांची जावा मोटरसायकल बिल्डिंगच्या दारात उभी करायची आणि तिला झेंडूचा हार घालायचा, एवढंच ठरलं होतं. त्यापायी माझे ९,९०० रुपये गेले आणि गाडीचा एक मूळ भाग गेला. पैशांचं दुःख कमी आहे, त्या भागाचं फार आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत जुन्या गाड्या जपणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातला आणखी कोणी अशा माणसाच्या हाती लागू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

गाडी १९६९ सालची, म्हैसूरच्या कारखान्यातली. तो कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. बाबांनी ती १९७८ मध्ये वागळे इस्टेटमधल्या आपल्या कंपनीतल्याच एका सहकाऱ्याकडून घेतली. टाकी, मडगार्ड आणि टूलबॉक्सचं झाकण यांवर आजही मूळ मरून आहे, टाकीवर सोनेरी रेषाही आहेत. फ्रेम मात्र ठाण्याच्या पावसाने खाल्ली. सीटखाली आणि स्टँड बसतो तिथे गंज धरला होता. अख्खी गाडी रंगवून टाक, असं जो तो सांगत होता. बाबांना ते मान्य नव्हतं. "पंचेचाळीस वर्षं मी पुसलेला रंग आहे तो. त्याला हात लावू नकोस." म्हणजे फक्त फ्रेम रंगवायची आणि ती जुन्या मरूनशी जुळली पाहिजे. या गाडीची फ्रेम आणि टाकी एकाच रंगाची असते, थोडाही फरक पडला की लांबून कळतो.

मरून म्हणजे मरून, असं मलाही वाटायचं. टाकी उतरवली तेव्हा कळलं की उन्हात राहिलेला भाग तपकिरीकडे झुकलाय आणि टाकीखालची फ्रेमची नळी अजून गडद, ओली असल्यासारखी लाल आहे. टूलबॉक्सच्या झाकणाला रबिंग कंपाउंड मारलं, तेव्हा वरचा मेलेला थर निघाला आणि त्या नळीच्या अगदी जवळचा रंग दिसला. नमुना म्हणून तेच झाकण घ्यायचं ठरवलं. आता वाटतं, दुसरं काहीही चाललं असतं.

तुर्भ्याच्या बाजूला एका गाळ्यात एक जण विंटेज गाड्यांचे रंग स्प्रे कॅनमध्ये भरून देतो, असं कानावर आलं होतं. ट्रान्स हार्बरची लोकल पकडून गेलो. माणूस बोलायला मऊ. त्याने हातात मावेल असं एक यंत्र झाकणावर टेकवलं, पडद्यावर आकडे आले. मग एक पुठ्ठ्याचं कार्ड आणलं, ताजं रंगवलेलं, आणि झाकणाशेजारी धरलं. तंतोतंत! मी तिथेच विरघळलो. "हा टू-के रंग आहे साहेब, आत हार्डनर आहे, पेट्रोल सांडलं तरी काही होत नाही," असं म्हणाला. हार्डनर म्हणजे रंग कडक करणारं रसायन. सहा कॅन, प्रत्येकी १,४०० रुपये, शिवाय शेड जुळवण्याचे १,५०० वेगळे. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल घेतलंत तर जीएसटी वर लागेल, कशाला उगाच. पैसे यूपीआयने गेले, नाव एका बाईंचं आलं. मिसेसचा नंबर आहे म्हणाला. झाकण दोन दिवस ठेवून जा म्हणाला, आणि मी ठेवून आलो.

कॅन मिळाले. झाकण मिळालं नाही. पोऱ्या ते घेऊन दुसरीकडे गेलाय, पुढच्या आठवड्यात न्या, असं उत्तर आलं.

दोन दिवस फ्रेम घासली. गंजावर १८०चा पॉलिश पेपर, नंतर ३२०चा, मग थिनरचं फडकं आणि ग्रे प्रायमर. प्रत्येक कॅन दोन मिनिटं हलवून, वीतभर अंतरावरून तीन पातळ हात मारले. हे सगळं पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली. संध्याकाळी बाबा खाली आले, टाकी फ्रेमजवळ धरून बघितली आणि म्हणाले, "जमलं रे." दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेम उन्हात काढली. वांग्याच्या सालीसारखी जांभळी दिसत होती. शेजारी टाकी लालसर. बाबा काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला फार लागलं.

हे कसं होतं ते नंतर समजून घेतलं. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनले असतील तर एका दिव्याखाली ते सारखे दिसू शकतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे पडू शकतात. त्या गाळ्यात दिवसाचा उजेड यायला जागाच नव्हती. आणि ते कार्ड मला दिलेल्या कॅनमधून माझ्यासमोर मारलेलं नव्हतंच.

खरी चोरी त्यानंतर उघडी पडली. गाडी जोडताना पेट्रोलच्या कॉकमधून दोन थेंब फ्रेमवर गळले. फडक्याने पुसले तर फडकं मरून आणि खाली ग्रे प्रायमर. हार्डनर असलेला रंग नीट वाळल्यावर असा पेट्रोलने सुटत नाही. खऱ्या टू-के कॅनमध्ये हार्डनर आतल्या वेगळ्या कुपीत असतो. कॅनच्या बुडाशी असलेली कळ दाबली की ती कुपी फुटते, मग कॅन हलवायचा आणि एक-दोन दिवसांत संपवायचा, नाहीतर रंग आतच घट्ट होतो. माझ्या सहाही कॅनचं बूड कोरं होतं. वरचं पांढरं स्टिकर कोमट पाण्याने भिजवून सोलल्यावर खाली कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात तीनशेच्या आतबाहेर मिळणारा तयार कॅन निघाला. छापलेली शेड भलतीच.

फोन केला. तो म्हणाला, हवेत दमटपणा आहे, रंगाला हवा लागली. यात थोडं तथ्य असल्यामुळे मी आणखी आठवडा फुकट घालवला. दमट हवेत असा साधा रंग मारला तर त्यावर पांढुरका धुरकट थर येतो, हे खरं आहे. पण त्याने मरूनचा जांभळा होत नाही. नंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. गाळ्यावर गेलो तर शटर खाली. शेजारचा म्हणाला, महिन्याच्या भाड्यावर होता, सामान घेऊन गेला.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि घटनेपासून २ वर्षांच्या आत जाता येतं. मी जाणार आहे. पण माझ्या हातात बिल नाही, फक्त यूपीआयची नोंद आणि सोललेली स्टिकरं. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, त्यांनीही पहिला प्रश्न बिलाचाच विचारला. म्हणून कळकळीने सांगतो, अठरा टक्के जाऊ द्या, पण बिल घ्या.

रंग शेवटी कळव्याच्या एका म्हाताऱ्या पेंटर मेस्त्रींनी जुळवला. यंत्र नाही, काही नाही. त्यांनी आधी विचारलं, खाली प्रायमर कोणता? लाल रंग खालचं पूर्ण झाकत नाही, ग्रेवर तो मळकट पडतो आणि रेड ऑक्साइडवर उबदार दिसतो, हे मला तोपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी वाटीभर रंग बनवला आणि रेड ऑक्साइड मारलेल्या तीन पत्र्यांवर एक, दोन आणि तीन हात मारले. सुकल्यावर वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला, कारण क्लिअरनंतर शेड आणखी गडद होते. मग पत्रे माझ्या हातात दिले. "दुपारच्या उन्हात बघा, संध्याकाळी बघा, घरी ट्यूबखाली बघा, मग या. आणि टाकी इथे ठेवू नका, सोबत घेऊन जा." तीन हातांचा पत्रा तिन्ही वेळा जुळला. त्यांनी आपणहून बिल दिलं.

दसऱ्याला गाडी उभी राहिली. टूलबॉक्सच्या बाजूला बाबांनी हाराची एक पदर जास्त सोडली होती, उघडी जागा झाकायला.

ते झाकण कुठे भंगारात किंवा सुट्या भागांच्या विक्रीत दिसलं तर कृपया कळवा. मरून रंगाचं, बाहेरून कंपाउंड मारून चकचकीत केलेलं, खालच्या कडेला बोटाएवढा पोचा. आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने, बाबांच्या अक्षरात, पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं ते लिहिलेलं आहे. विकणारा मागेल ती किंमत द्यायला मी तयार आहे, आणि ते त्याच्याकडे कसं आलं हे मी विचारणार नाही.