सरकारी वकील : फुकट मिळतो पण आपला नसतो (५ पैकी साडेतीन स्टार)

एरवी मी मिसळ, गॅरेज, मोबाईल रिपेअरिंग असल्याच गोष्टींवर लिहितो, पण गेली काही वर्षं मामाच्या केसपायी जी सर्विस सगळ्यात जास्त वापरली ती सरकारी वकिलाची, आणि तिच्याबद्दल कुणीच धड लिहीत नाही. जो तो एक तर "काय उपयोग न्हाई" म्हणतो नाहीतर "उज्ज्वल निकम द्या आम्हाला" म्हणतो. म्हणून लिहायला बसलो. कुठलं कोर्ट, कुठलं पोलीस ठाणं, सरकारी वकील मॅडमचं नाव काय ते विचारू नका, अपिलाचं अजून चालू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातलंच हाय एवढं बास.

केस म्हणाल तर घरोघरची. २०२१ ला उसाला पाणी पाजायच्या पाळीवरनं बांधावर भांडण झालं आणि खोऱ्याच्या घावानं मामाचा हात मोडला. दंड संहितेचं कलम ३२६, म्हणजे घातक हत्यारानं गंभीर दुखापत, तिघं आरोपी. आता नव्या संहितांत (न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता) सगळे नंबर बदललेत पण त्या लागू झाल्या १ जुलै २०२४ ला, आमची घटना आधीची आणि साक्षीपण आधीच सुरू झालेल्या, त्यामुळं आमचं सगळं जुन्या नंबरांनीच चाललं. चार्जशीट झाल्यावर मामीचा पहिला प्रश्न, वकील कुणाला द्यायचा? भावकीतले सगळे एका सुरात, सरकारीचं काय खरं नसतंय, आपला खासगी घाला.

तर पहिली गोष्ट, जी आम्हाला कोर्टाच्या बाहेर लावलेल्या बोर्डावरच दिसली. केस मामाच्या नावावर नसतेच. महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक आणि इतर दोन, असं असतं. मामा फक्त फिर्यादी आणि साक्षीदार नंबर एक. मामा सगळ्यांना ऐटीत "माझ्या वकील" म्हणून मॅडमची ओळख करून द्यायचा, तेव्हा मॅडमनी शांतपणे सांगितलं, "काका, मी सरकारची वकील आहे. तुम्ही माझे साक्षीदार." मामाला ते लई लागलं, दोन दिवस जेवताना तेच. पण खरं तेच आहे आणि एवढं डोक्यात बसलं की या सर्विसबद्दलच्या निम्म्या तक्रारी आपोआप गळून पडतात. तुम्ही तिचे गिऱ्हाईक नाही. तुम्हाला पाहिजे तो प्रश्न ती विचारणार नाही, तुम्हाला पाहिजे तो साक्षीदार ती घेईलच असं नाही, आणि एखादा कागद आरोपीच्या बाजूचा असला तर तो दडवायचा अधिकार तिला नाही. सुप्रीम कोर्टानं १९९९ ला शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या केसमध्ये हेच सांगितलंय, सरकारी वकिलाचं काम काहीही करून शिक्षा लावणं नव्हे, कोर्टापुढं खटला सरळपणे मांडणं. फिर्यादीच्या बाजूच्या माणसाला हे वाचून राग येतो, मलापण आला होता, पण उद्या आपल्याच पोरावर खोटी केस झाली तर हाच नियम आपल्याला लागतोय.

तरीपण आम्ही खासगी वकील दिलाच, कारण भावकी. त्यांची फी घेऊन ते आले, छान माणूस, पण कोर्टात मॅडमच्या मागच्या खुर्चीवर. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०१ असं आहे की फिर्यादीचा खासगी वकील सरकारी वकिलाच्या सांगण्यानुसारच काम करणार आणि साक्षीपुरावा संपल्यावर कोर्टाची परवानगी घेऊन लेखी युक्तिवाद देणार. बास. उलटतपास घेणं, उभं राहून तोंडी बोलणं नाही. पीडिताला आपल्या आवडीचा वकील देता येतो अशी तरतूद नंतर कायद्यात घातली तेव्हा लोकांना वाटलं आता आपला माणूस बोलणार, पण २०१९ ला रेखा मुरारका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं परत तेच सांगितलं, मदत करायची, ताबा घ्यायचा नाही. मॅजिस्ट्रेट कोर्टात मात्र एक वेगळी वाट आहे, कलम ३०२, तिथं मॅजिस्ट्रेटनी परवानगी दिली तर खासगी वकील स्वतः खटला चालवू शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही ३३८ आणि ३३९ ला आहे. आमच्या वकिलांनीच सांगितलं की मॅडम नीट चालवतायत, कशाला मागायचं, आणि ते बरोबर होतं. मामाच्या एक्स-रेच्या तारखेत आणि दवाखान्याच्या दाखल्यात फरक होता तो त्यांनी शोधून चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवला, तेवढ्यात त्यांची फी वसूल झाली म्हणायचं.

आता सर्विसचा खरा दर्जा कुठं दिसला ते सांगतो. पंचाची साक्ष होती. पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा, गावातलाच, दोन्हीकडं उठबस असलेला. पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "पोलिसांनी बोलवलं, मी सही केली, कागदात काय होतं ते वाचलं न्हाई." आमच्या पोटात गोळा. फितूर. मॅडमनी तोंडावरची रेघ हलवली नाही. कोर्टाची परवानगी मागितली, आपल्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारायची, आणि सुरू केलं. ही सही तुमचीच का? होय. त्या दिवशी शेतावर गेला होता का? होय. खोरं कुठं पडलेलं? बांधाच्या कडेला. त्याला काय लागलेलं? इथं तो गप्प. मग हळूच, "माती... आणि लाल." जजसाहेबांनी स्टेनोला ते जसंच्या तसं घ्यायला लावलं. फितूर साक्षीदाराचं सगळंच बोलणं वाया जात नाही, त्यातला खरा भाग कोर्ट धरू शकतं, हे मला तेव्हा कळलं. एवढ्या एका साक्षीला मी पाच स्टार देतो. त्याच दिवशी त्यांच्या टेबलावर बाकीच्या केसेसच्या फायलींचा हा एवढा ढीग होता हे लक्षात घ्या, मधेच दुसऱ्या कोर्टाचा शिपाई येऊन "मॅडम, तिकडं पुकारा झालाय" म्हणून बोलवत होता.

आता लोक ज्याच्यात गल्लत करतात ते अधिकार. आमच्या शेजारच्या काकांना वाटायचं सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा साहेब, सांगितलं की आरोपी आत. तसं काही नाही. तपास पोलिसांचा, सरकारी वकील तपास यंत्रणेचा भाग नाही असं सुप्रीम कोर्टानं १९९४ लाच सांगून ठेवलंय. उलट पोलिसपण त्यांच्या वर नाहीत. महाराष्ट्रात आधी मॅजिस्ट्रेट कोर्टातले सरकारी वकील पोलीस खात्याच्याच हाताखाली असायचे, १९९५ च्या शहाणे केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ते वेगळं काढायला लावलं. त्यामुळं मुद्देमाल वेळेवर आणला नाही म्हणून मॅडमनी पैरवी हवालदाराला, म्हणजे ठाण्याकडनं कोर्टाची कामं बघणाऱ्या पोलिसाला, व्हरांड्यात सगळ्यांसमोर झाडलं तेव्हा तो नुसता "होय मॅडम" म्हणत उभा होता.

सगळ्यात मोठा अधिकार म्हणजे खटला मागं घ्यायचा. समोरच्या पार्टीनं गावात उठवलेलं, आमच्या साहेबांनी मुंबईत शब्द टाकलाय, केस काढून घेतोय. मामी रडकुंडीला. आपल्याकडं ऊसदराच्या, टोलच्या आंदोलनातले गुन्हे मागं घ्या ही मागणी सारखी असते म्हणून लोकांना वाटतं मंत्र्यानं सही केली की झालं. तर नाही. सरकार म्हणू शकतं, पण अर्ज करायचा सरकारी वकिलानं, तोही स्वतः डोकं लावून, आणि कोर्टाची संमती लागते. जुनं कलम ३२१, नवीन ३६०, आणि नव्यात एक चांगली भर आहे की पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टानं परवानगी द्यायचीच नाही. आजीमाजी आमदार खासदार आरोपी असले तर ऑगस्ट २०२१ पासून हायकोर्टाला विचारल्याशिवाय खटला मागं घेता येत नाही. मामीला हे सगळं सांगितलं, तिनं फक्त एवढंच विचारलं, "मग घेणार न्हाईत न्हवं?" नाही घेतला.

आता यांचा दर्जा काय हे पण जरा बघा, कारण "सरकारी" म्हटलं की सगळ्यांना एकाच मापात मोजतात. मॅजिस्ट्रेट कोर्टात असतात ते सहायक सरकारी अभियोक्ता, एमपीएससी देऊन आलेले, पगारी, बदलीवाले, अभियोग संचालनालय म्हणजे सरकारी वकिलांच्या खात्याचे. सेशन्स कोर्टात असतात ते बहुतेक प्रॅक्टिस करणारे वकीलच, कमीत कमी सात वर्षं वकिली झालेले, सरकारनं ठराविक मुदतीसाठी नेमलेले. विशेष सरकारी वकिलाला दहा वर्षं लागतात, तो एखाद्या केसपुरता किंवा ठराविक प्रकारच्या केसेसपुरता. निकम साहेब १९९३ च्या बॉम्बस्फोटांना आणि २६/११ ला होते ते तसे, त्यामुळं बांधाच्या भांडणाला ते मिळणार नाहीत, विषय संपला. मुदतीवाल्यांची नोकरी म्हणजे ना धड नोकरी ना धड धंदा. उत्तर प्रदेशात सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यातले सरकारी वकील एका फटक्यात काढलेले, ते १९९० ला सुप्रीम कोर्टानं रद्द केलं, हे पद सार्वजनिक आहे, मनाला येईल तसं हाकलता येणार नाही म्हणून. पण २००४ च्या जोहरी मल निकालात हेपण सांगितलं की मुदत वाढवून मिळणं हा काही त्यांचा हक्क नव्हे. राज्यात सरकार बदललं की बार रूममध्ये चहाबरोबर पहिला विषय हाच असतो, आता सरकारी वकिलांच्या पॅनलवर कोण. याचा परिणाम तुमच्या केसवर असा होतो की मधेच वकील बदलतो आणि नवीन माणूस फाईल पहिल्यापासून वाचतो. आमच्या मॅडमचीपण बदली झाली शेवटी शेवटी, नशीब युक्तिवाद झाला होता. यासाठी एक स्टार कापला.

अर्धा स्टार कापला तो बसायच्या जागेसाठी. साक्षीदाराला जबाब आठवून द्यायचा तो जिन्याजवळ उभ्या उभ्या, शेजारी आरोपीचा भाऊ कान देऊन उभा. मामासारख्या हात मोडलेल्या माणसाला टेकायला बाकडं नाही.

एक भानगडपण सांगतो. व्हरांड्यात एक जण भेटला, पांढरा शर्ट, काखेत फाईल, म्हणाला "मॅडमना जरा बघावं लागेल, मी करतो." मॅडमना त्याचं नावही माहीत नव्हतं. सरकारी वकिलाला फिर्यादीनं एक रुपया द्यायचा नसतो. कुणी त्यांच्या नावानं मागितला, किंवा त्यांनीच मागितला, तर लाचलुचपतवाल्यांचा १०६४ नंबर आहे.

निकाल असा लागला की दोघांना शिक्षा, एक सुटला. सुटलेल्याविरुद्ध मामाला स्वतः अपील करता येतं, कलम ३७२ च्या तरतुदीनं, आणि ते आम्ही सेशन्सला केलंय. पण दोघांची शिक्षा कमी वाटली तर ती वाढवून मागायचं अपील फिर्यादीला नाही, ते सरकारनंच करायचं, आणि त्याचा प्रस्ताव वर गेला की तो कुठल्या टेबलावर आहे हे ब्रह्मदेवालाच ठाऊक. पण यात मॅडमची चूक नाही म्हणून यासाठी आणखी काही कापत नाही, साडेतीनवरच थांबतो. पुढं हायकोर्टात जायची वेळ आली तर १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडला जुन्या कोर्टात चालू झालंय, रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबई गाठायची कटकट संपली.

जाणार असाल तर एवढं करा. साक्षीच्या तारखेला अर्धा तास आधी जाऊन मॅडमना किंवा साहेबांना तोंड दाखवा, त्यांना तुमचा चेहरा माहीत नसतो. ई-कोर्टच्या ॲपवर आपल्या केसचा सीएनआर नंबर टाकून तारीख स्वतः बघत जा, समन्सची वाट बघू नका. पैरवी हवालदाराचा नंबर सेव्ह करा, नव्वद टक्के कामं तोच करतो. आणि दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स घरनंच काढून न्या, कोर्टाच्या दारात दुप्पट घेतात आणि वर सुट्टे नाहीत म्हणतात.