उवा-लिखांसाठी स्टीलची फणी : काय बघून घ्यावी, कशी वापरावी

उवांच्या औषधाच्या खोक्यात येणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या फणीवर विसंबू नका. ओल्या दाट केसांत तिचे दाते फाकतात आणि लिखा मागेच राहतात. लांब दात्यांची स्टीलची फणी तिच्यापेक्षा महाग पडते, पण घरात शाळेत जाणारं मूल असेल तर ती घ्यावीच.

घेताना उजेडासमोर धरून बघा. सगळ्या फटी सारख्या आणि दाते सरळ हवेत. एक दाता वाकडा असला तरी लिखा तिथूनच सुटतात. दात्यांवर बारीक पेचदार खाचा असलेली फणी उत्तम, कारण केसाला चिकटलेली लीख त्या खाचांत अडकून खरवडली जाते. टोकं गोलसर आहेत का, हे तळहातावरून हलकेच ओढून तपासा. तिथे खरचटलं तर टाळूवरही खरचटणार. मूठ आणि दाते सलग स्टीलचे असतील तर बरं. गरम पाण्यात वारंवार बुडवल्यावर डिंकाने चिकटवलेली मूठ सैल होऊ शकते.

फणी कोरड्या केसांत फिरवू नका. कोरड्या केसांत ऊ झपाट्याने पळते. केस धुवून भरपूर कंडिशनर लावा, आधी साध्या कंगव्याने गुंता काढा, मग बोटभर जाडीची एकेक बट घेऊन टाळूला टेकवून टोकापर्यंत फणी ओढा. दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसा म्हणजे काय निघतंय ते दिसतं. कानांमागे आणि मानेवर जास्त वेळ द्या. उवा तिथेच जास्त सापडतात. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी हेच करायचं. अंडी 7 ते 10 दिवसांत फुटतात, त्यामुळे एकदाच विंचरून थांबलात तर नवी पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालतात.

औषध वापरायचं असेल तर 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन घ्या. ते फसण्याचं एक मोठं कारण म्हणजे लावण्याची चुकीची पद्धत. केस साध्या शॅम्पूने धुवायचे, टॉवेलने टिपून दमट ठेवायचे, आणि या वेळी कंडिशनर अजिबात नको, कारण त्याच्या थरामुळे औषध केसाला धरत नाही. चंपीचं तेल डोक्यात असताना लोशन थापणंही चूकच. 10 मिनिटांनी धुवा आणि पुढचे एक-दोन दिवस शॅम्पू करू नका. परमेथ्रिनने सगळी अंडी मरत नाहीत, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावा. दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नका. काही ठिकाणच्या उवा या औषधाला दाद देत नाहीत. दुसऱ्या वेळेनंतरही जिवंत ऊ दिसली तर तेच औषध तिसऱ्यांदा न लावता डॉक्टरांना विचारा.

सीताफळाच्या बियांची पूड मात्र डोक्याला लावू नका. ती डोळ्यात गेली तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला गंभीर इजा होऊ शकते. रॉकेल तर नकोच. पेट घेण्याचा आणि त्वचा भाजण्याचा धोका आहे.

या फणीची मर्यादाही आहे. कमरेपर्यंतचे केस असतील तर तासभर सहज जातो, आणि कुरळ्या केसांत ती ओढते, मूल रडतं. अशा वेळी बटा आणखी बारीक घ्या, कंडिशनर वाढवा. टाळूपासून एक सेंटिमीटरपेक्षा दूर दिसणाऱ्या लिखा बहुतेक रिकाम्या असतात, त्यांच्यासाठी मुलीचे केस कापण्याची गरज नाही. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, पण उपचार जिच्या-ज्याच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्यांनाच करा. वापरल्यावर फणी 55 अंशांपेक्षा गरम पाण्यात 10 मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशने दाते घासा आणि पूर्ण कोरडी करूनच ठेवा, नाहीतर मुळाशी गंज धरतो.