मॉर्गन्स इन्स्पिरेशन आयलंड: पॉवर चेअरवाल्यांनाही भिजता येतं

‘आमच्याकडे व्हीलचेअर चालते’ असं म्हणणाऱ्या बहुतेक वॉटर पार्कांत रॅम्प असतो आणि खुर्ची काठापर्यंत नेता येते, एवढंच. पॉवर चेअरच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या मोटर-बॅटरीत पाणी शिरलं की हजारो डॉलरची खुर्ची कामातून जाते; म्हणून ती वापरणारा काठावरच बसतो. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत २०१७ साली उघडलेल्या मॉर्गन्स इन्स्पिरेशन आयलंड या वॉटर पार्काने नेमकं हेच दुखणं ओळखलं.

इथे पाण्यात चालणाऱ्या खुर्च्या मिळतात. त्यातली ‘न्यूचेअर’ पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेली, दाबलेल्या हवेवर चालणारी. वजन सुमारे ३६ किलो, हवा भरायला १० मिनिटं. पल्ला बॅटरीवरच्या खुर्चीच्या साधारण एक तृतीयांश, पण पार्कात फिरायला तो पुरतो.

अडतं ते बैठकीपाशी. स्वतःच्या खुर्चीतले मापाने बसवलेले बाजूचे आधार आणि दाब वाटून घेणारी गादी उसन्या खुर्चीत कुठून येणार? धडाचा तोल राहत नसेल तर छातीच्या पट्ट्याचं आधी फोन करून विचारा. ओली कातडी घर्षणाने लवकर सोलते, त्यामुळे दर अर्ध्या तासाने वजन हलवा. उघडा बेडसोर (सतत दाबाने पडलेली जखम) असेल तर पाणी नकोच.

खुर्ची बदलायला आडोशाची जागा आहे. उचलावं लागत असेल तर दोन माणसं हवीत. स्लिंग, म्हणजे माणसाला उचलायची झोळी, जाळीची न्या. कापडी भिजली की जड होते, परतीपर्यंत वाळत नाही. संवादासाठी टॅबलेट वापरत असाल तर चित्रांचा लॅमिनेट केलेला तक्ताही सोबत ठेवा.

पाणी कोमट ठेवतात, हे मला तिकिटाच्या सवलतीपेक्षा मोलाचं वाटतं. गार पाण्याने सेरेब्रल पाल्सीवाल्यांचे हातपाय ताठतात आणि अर्ध्या मजेवर विरजण पडतं. उन्हाला मात्र इलाज नाही. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना दुखापतीखाली घाम येत नाही, फिट्सवरच्या टॉपिरामेट या औषधानेही घाम कमी होऊ शकतो. अशांनी दुपारच्या आत आटपावं.

दिव्यांग व्यक्तीला प्रवेश फुकट, सोबत्यांना तिकीट. माणूस कुठे आहे ते दाखवणाऱ्या मनगटपट्टीमुळे गर्दीत आपलं माणूस शोधता येतं. पळून जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी ती आधी बांधून घ्यावी. मुक्कामी शिबिर हवं असेल तर मॉर्गन्स कॅम्प वेगळा आहे, त्याची नोंदणीही वेगळी. ऑस्टिनच्या मराठी मंडळींना हे अंतर जेमतेम १३० किलोमीटर. पार्क उन्हाळ्यातच चालू असतो, तेव्हा निघण्याआधी तारखा पाहा.