दादरचं मालवणी हॉटेल: सुरमई झकास, पण त्या काचेच्या खोलीचं काय?

आईच्या पासष्टाव्या वाढदिवसाला रविवारी दुपारी गेलो होतो, आई, नवरा, साडेचार वर्षांचं आमचं कार्टं आणि मी. दादर वेस्टला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं. नाव लिहीत नाही, कारण किचनमधल्या माणसांशी माझं काही भांडण नाही. सुरमई फ्राय एक नंबर, रव्याचा जाड थर नाही, बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आत लुसलुशीत, आणि सोलकढीत खरंच नारळाचं दूध होतं, नुसतं गुलाबी पाणी नाही. भाकरी जरा उशिरा आली, चालायचंच.

आता हवेचं बोलू. एसी फॅमिली सेक्शनमध्ये बसवलं आणि टेबल नेमकं स्मोकिंग रूमला चिकटून. मध्ये काच आहे, पण दरवाजा सरकवायचा, आपोआप बंद होत नाही, आणि वेटर दर दोन मिनिटांनी चकणा, सोडा घेऊन आत-बाहेर, म्हणजे तो कायम अर्धा उघडाच. आईला दमा आहे. दहा मिनिटांत तिचा खोकला सुरू, पर्समधून पंप काढला, वाढदिवसाच्या दिवशी!

मॅनेजरला सांगितलं तर म्हणे, "मॅडम, सेपरेट आहे ना, काच लावलीय, एसी पण फुल आहे." अहो, तो भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा गार करून परत फिरवतो, म्हणजे गार धूर! आणि सिगरेट ओढणारा निदान फिल्टरमधून ओढतो, बोटांत नुसती जळत असते तिच्या टोकाचा धूर थेट खोलीत येतो आणि तो जास्त विषारी असतो. बेंझिन, फॉर्मल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड, सगळं त्यात. घरात नवरा किंवा बायको ओढत असेल तर न ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, हार्टचंही साधारण तसंच. पोरं तर मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, त्यांना कानाचं इन्फेक्शन, दमा, सगळं लवकर लागतं. आमचा तर काचेला नाक लावून आतल्या काकांचा धूर बघत उभा, त्याला वाटलं गंमत आहे.

नियम काय आहे ते पण सांगते, कारण मॅनेजरला माहीत नव्हता किंवा माहीत नसल्यासारखं करत होता. आपल्याच मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक ठिकाणी सिगरेट ओढायला बंदी घातली, मग २ ऑक्टोबर २००८ पासून हॉटेलांसकट देशभर कडक नियम आले. ३० किंवा जास्त खुर्च्यांच्या हॉटेलला वेगळी खोली ठेवता येते, पण ती चारी बाजूंनी बंद हवी, दरवाजा आपोआप मिटणारा हवा, धूर बाहेर फेकायची सोय हवी आणि २०१७ पासून त्या खोलीत खाणंपिणं, काहीच द्यायचं नाही. इथे आत बसून लोक चिकन क्रिस्पी खात होते. दंड किती? २०० रुपयांपर्यंत. आमची सुरमई त्याहून महाग होती. बाहेर धूम्रपान निषिद्धची पाटी आहे, तिच्यावर तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लिहायचं असतं, ती जागा कोरी.

वेटर मात्र भला पोरगा, स्वतःहून टेबल बदलून दिलं, पार खिडकीपाशी. मी म्हटलं, दादा तू दिवसभर आत कसा जातोस रे? तर हसला, "ताई, मी सिगरेट ओढत नाय, पण घरी गेलो की बायको शर्ट आधी बाहेर काढायला लावते." आपण तासाभराने उठून निघून जातो, तो रात्री बारापर्यंत तिथेच. स्कॉटलंडमध्ये २००६ साली पबमध्ये बंदी आल्यावर बारमध्ये काम करणाऱ्यांना तपासलं होतं, दोनेक महिन्यांतच खोकला, छातीतली घरघर कमी झाली होती. म्हणजे त्या पोराचंही होऊ शकतं, फक्त मालकाला एक दरवाजा नीट करायचाय आणि आतली सर्व्हिस बंद करायचीय.

जेवणाला साडेचार स्टार, पण इथे एकच आकडा द्यावा लागतो म्हणून दोन. परत खायचं झालं तर पार्सल. सोलकढी ते बाटलीत भरून देतात, ट्रेनमध्ये सांडत नाही.