कॅशलेस मेडिक्लेम: भरतीच्या वेळी भरवशाचा, डिस्चार्जच्या दिवशी कच्चा

मेडिक्लेमचं कार्ड खिशात असलं की मध्यरात्री छातीत कळ आली तरी पैशाचा घोर नाही, असं पॉलिसी विकताना सांगितलं जातं. ते निम्मं खरं आहे. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. तातडीने भरती होणाऱ्या पेशंटला ‘कॅशलेस’, म्हणजे विमा कंपनीने हॉस्पिटलचं बिल परस्पर भरण्याची सेवा, आज प्रत्यक्षात कशी मिळते, एवढंच इथे तपासलं आहे.

सुरुवात कॅज्युअल्टीपासून. ईसीजी काढला, इंजेक्शन दिलं, सलाईन लावली आणि चार तासांनी घरी सोडलं, तर ते बिल साध्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. तिथे सलग २४ तास भरती असण्याची अट असते. डायलिसिस, मोतीबिंदू यांसारख्या डे-केअर उपचारांना तेवढी सूट आहे. ओपीडी कव्हर वेगळं घेतलं असेल तर गोष्ट निराळी. पेशंट भरती झाला, तर मात्र कॅज्युअल्टीचा खर्चही क्लेममध्ये धरता येतो. बरीच हॉस्पिटलं तो आधी रोख घेऊन सुटी पावती देतात. ती रक्कम मुख्य बिलात चढवून घ्या. ते जमलं नाही तर पावती जपून ठेवा आणि भरतीपूर्व खर्च म्हणून मागा. हा काळ पॉलिसीनुसार बहुधा ३० किंवा ६० दिवसांचा असतो.

क्लेमचं निम्मं भवितव्य पहिल्या केस पेपरवर ठरतं. ‘तपासण्यांसाठी भरती’ एवढीच नोंद असेल, तर कंपनी क्लेम नाकारू शकते, कारण केवळ तपासणीसाठीची भरती पॉलिसीतून वगळलेली असते. लक्षणं, रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन आणि घरी उपचार का शक्य नाहीत, हे डॉक्टरांनी नोंदवलेलं हवं. दुसरी चूक नातेवाइकांकडून होते. ‘शुगर कधीपासून?’ या प्रश्नाला घाबरलेला माणूस ‘झाली की दहा वर्षं’ असं उत्तर देतो. तो आकडा तसाच कागदावर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी कंपनीची क्वेरी येते: हा आजार पॉलिसी घेताना का सांगितला नाही? निदानाचं खरं वर्ष माहीत असेल तेच सांगा, नसेल तर जुनी फाइल बघून सांगतो म्हणा. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांचा क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण कंपनीला पुढे करता येत नाही.

पहिल्या मंजुरीचा टप्पा या सेवेतला सर्वात चांगला. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे. ई-कार्ड, पेशंटचं आधार, पॅन आणि डॉक्टरांनी भरलेला प्री-ऑथचा, म्हणजे आगाऊ मंजुरीचा, फॉर्म हाताशी ठेवा. रात्री हॉस्पिटलातल्या टीपीए (कंपनीतर्फे क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कवर कुणी नसेल तर कंपनीच्या हेल्पलाइनला स्वतः फोन करून भरती नोंदवा आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या. मंजुरी येईपर्यंत हॉस्पिटल डिपॉझिट मागतं. भरलंत तर पक्की पावती घ्या. पहिली मंजुरी साधारणपणे बिलाच्या एका भागाचीच असते. खर्च वाढत गेला की हॉस्पिटलने वाढीव रक्कम मागायची असते, तेव्हा ती मागणी गेली का, हे डेस्कवर रोज विचारत राहा. या टप्प्याला पाचपैकी चार गुण.

हॉस्पिटल नेटवर्कबाहेरचं, म्हणजे कंपनीशी करार नसलेलं, असेल तर जानेवारी २०२४पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ आहे. १५ किंवा अधिक खाटांचं नोंदणीकृत हॉस्पिटल आणि तातडीच्या वेळी भरतीपासून ४८ तासांत कंपनीला कळवणं, अशा त्याच्या अटी. कल्पना उत्तम आहे, पण हॉस्पिटलने तयारी दाखवली नाही तर आधी पैसे भरून नंतर परतावा मागण्यावाचून गत्यंतर नाही.

आता खोली. सर्वाधिक पैसे इथे जातात आणि सर्वात कमी माणसांना हे ठाऊक असतं. समजा, पॉलिसी ५ लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. तुम्ही ८,०००ची खोली घेतली, मुक्काम ४ दिवस. ‘रोजचे ३,००० आपण भरू, १२,०००चा प्रश्न आहे,’ असा हिशेब घरचे करतात. कंपनीचा हिशेब वेगळा असतो. खोलीच्या दर्जाप्रमाणे हॉस्पिटल डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हे सगळेच दर चढवतं, म्हणून त्या सगळ्यांना ५/८चं प्रमाण लागतं. या बाबी १,२०,००० रुपयांच्या असतील तर मंजूर होतात ७५,०००. म्हणजे खिशातून १२,००० अधिक ४५,०००, एकूण ५७,००० रुपये. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कात्री लावायची नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. खोली कोणतीही असो, दर तेच, अशी पद्धत असलेल्या हॉस्पिटलातही ती लावता येत नाही. कपातीच्या पत्रात औषधांवरही ५/८ लावलेलं दिसलं, तर तिथेच हरकत घ्या.

त्यामुळे आयसीयूतून वॉर्डात हलवताना ‘कुठली रूम देऊ?’ असं विचारलं की उत्तर पॉलिसी बघूनच द्यायचं. मर्यादेतली खोली रिकामी नसेल तर तसं हॉस्पिटलकडून लेखी घ्या. कंपनी ते मानेलच असं नाही, पण तक्रारीत तोच कागद उपयोगी पडतो. पॉलिसी घेताना खोलीभाड्याची मर्यादा नसलेली निवडावी, हे आमचं ठाम मत आहे. प्रीमियम थोडा जास्त पडला तरी.

बिलातल्या किरकोळ ओळीही मोठ्या होतात. ग्लोव्हज, मास्क, ईसीजी इलेक्ट्रोड, नेब्युलायझर किट, पट्टे आणि तपशील न दिलेलं कुठलंही ‘किट’ नियामकाच्या यादीप्रमाणे देय नाही. कन्झ्युमेबल्सचा (अशा वापरून टाकायच्या वस्तूंचा) रायडर, म्हणजे जोड-कव्हर, असेल तर यातलं बरंच मिळतं. फाइल उघडण्याचे पैसे, अ‍ॅडमिशन किट, हाउसकीपिंग, डिस्चार्ज प्रक्रियेचं शुल्क, पल्स ऑक्सिमीटरचे पैसे या बाबी मात्र दुसऱ्या यादीत आहेत. त्या खोलीभाड्यातच धरायच्या असतात. हॉस्पिटल त्या वेगळ्या लावतं, कंपनी कापते आणि भुर्दंड पेशंटला पडतो. बिलिंग काउंटरवर यादी दाखवून या ओळी काढायला लावा. रोजचं इंटरिम, म्हणजे त्या दिवसापर्यंतचं, बिल मागितलं तर हे वेळेत नजरेस येतं.

डिस्चार्जला मात्र पाचपैकी दोनच. नियम सांगतो: हॉस्पिटलची विनंती मिळाल्यापासून कंपनीने ३ तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापोटी जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. गोम ‘विनंती मिळाल्यापासून’ या शब्दांत आहे. डॉक्टर सकाळी ९ वाजता ‘घरी जा’ म्हणतात. मग उरलेली औषधं परत करणं, डिस्चार्ज समरी टाइप होणं, तिच्यावर सही होणं, बिल बंद होणं यात दुपार उलटते आणि फाइल कंपनीकडे जाते तेव्हा कुठे घड्याळ सुरू होतं. आजारातून उठलेल्या माणसाला असं तिष्ठत ठेवणं अन्यायाचं आहे, आणि यात हॉस्पिटलचा वाटा कंपनीइतकाच असतो. आदल्या संध्याकाळीच समरीचा मसुदा मागून घ्या. फाइल किती वाजता पाठवली ते डेस्ककडून लिहून घ्या. उपचारादरम्यान मृत्यू झाला, तर क्लेम तातडीने उरकून पार्थिव लगेच ताब्यात मिळेल हे पाहण्याची जबाबदारी त्याच परिपत्रकाने कंपनीवर टाकली आहे. महाराष्ट्रातल्या २०२१च्या नर्सिंग होम नियमांनुसार थकलेल्या बिलासाठी पार्थिव अडवता येत नाही, आणि हॉस्पिटलच्याच दुकानातून औषधं घेण्याची सक्तीही करता येत नाही.

रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांतली नोंद म्हणजे एमएलसी टाळू नका, ती नसेल तर क्लेम अडतो. मे २०२५पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या हॉस्पिटलात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस आहेत. त्यासाठी स्वतःचा मेडिक्लेम असण्याची गरज नाही.

क्लेम नाकारला किंवा कापला, तर पॉलिसीतल्या कलमासह लेखी कारण मागा. कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मान्यतेशिवाय क्लेम नाकारता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. त्याची नोंद ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही करता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. मुंबईच्या बहुतेक भागाच्या तक्रारी मुंबई कार्यालयात जातात, ठाणे, नवी मुंबई, पालघर, रायगड आणि मुंबईच्या काही पूर्वेकडच्या वॉर्डांच्या ठाणे कार्यालयात, तर गोवा आणि उरलेल्या महाराष्ट्राच्या पुणे कार्यालयात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून मुदत एक वर्षाची असते. अर्जासोबत डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, कपातीचं पत्र आणि पहिल्या रात्रीचा तो केस पेपर जोडा.