टँकरचा कोर्स: प्लांटला पैकीच्या पैकी, मीटरला नापास

ऑइल टँकरच्या, म्हणजे तेलवाहू जहाजांच्या, ॲडव्हान्स्ड कोर्सचं सर्टिफिकेट कुठेही मिळतं. कागदच हवा असेल तर घराजवळची संस्था बघा आणि रिकामे व्हा. इनर्ट गॅस, म्हणजे आग लागू नये म्हणून टँकमध्ये हवेऐवजी भरायचा कमी ऑक्सिजनचा गॅस, डोक्यात नीट शिरावा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. संस्था अंधेरी पूर्वेची. नाव घेत नाही, कारण पुढे तक्रार आहे. तळमजल्यावर भंगारात निघालेल्या जहाजाचा अख्खा आयजी (इनर्ट गॅस) प्लांट मांडलाय, एवढ्यावरून लाइनमधल्यांना कळेल.

तो प्लांट हीच इथली खरी कमाई. स्क्रबर, म्हणजे धूर धुणारी टाकी, उभा कापलाय, त्यामुळे बॉयलरचा धूर (हाच पुढे इनर्ट गॅस होतो) खालून कसा येतो, समुद्राच्या पाण्याखाली कसा थंड होतो, काजळी आणि सल्फर कुठे धुतलं जातं, ते बोट ठेवून बघता येतं. टँकमधला गॅस मागे फिरू नये म्हणून पाण्याचा अडसर असतो, त्या डेक सीलला एका बाजूने जाड काच बसवलीये. मी सेकंड इंजिनियर आहे, जहाजावर सीलच्या साइट ग्लासमधली लेव्हल रोज बघतो. पण गॅस टँककडे ढकलणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, बंद पडल्यावर टँककडचा दाब उलटा येतो, तेव्हा पाणी पाइपात चढून त्याची वाट कशी अडवतं, हे मी इथे पहिल्यांदा पाहिलं. सरांनी ते तीनदा करून दाखवलं, तरी मुलं पुन्हा दाखवा म्हणत होती.

सर म्हणजे निवृत्त चीफ इंजिनियर, अलिबागकडचे. फळ्यावर आकडे मोजकेच लिहितात. क्रूडची वाफ हवेत साधारण १ ते १० टक्के असेल तरच पेटते, आणि ऑक्सिजन ११ टक्क्यांच्या खाली गेला की वाफ कितीही असो, पेटतच नाही. म्हणून टँकमध्ये ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि प्लांटमधून येणाऱ्या गॅसमध्ये तो ५च्या आत हवा. "आठ आणि अकराच्या मधली जागा तुमच्या चुकांसाठी ठेवलीये, ती आधीच खर्च करू नका रे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग १९६९चा डिसेंबर. मार्पेसा, माक्ट्रा आणि कोंग हाकोन सातवा, तिन्ही अजस्र टँकर, एकाच महिन्यात स्फोट. तिन्ही रिकामे होते, म्हणजे टँकमध्ये उरलेली वाफ आणि हवा, आणि टँक धुणं चालू होतं. धुण्याच्या जोरदार फवाऱ्यातून उडणाऱ्या पाण्याच्या तुषारांवर स्थिर वीज साठते, असं नंतरच्या तपासातून पुढे आलं. भरलेल्या टँकपेक्षा रिकाम्याची धास्ती जास्त का, हे त्या एका तासात पोरांना पटलं. १९७६चा लॉस एंजेलिस बंदरातला सॅन्सिनेना टँकरचा स्फोट, टँकरच्या सुरक्षेवरची १९७८ची परिषद, २०१६पासून ८,००० टनांपासूनच्या नव्या टँकरनाही इनर्ट गॅसची सक्ती, हे सगळं त्यांनी भरभर उरकलं. तेही बरंच झालं.

वरच्या मजल्यावरचा सिम्युलेटर चांगला आहे. मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाच्या तेल धक्क्याला लागून क्रूड उतरवताय असं धरायचं, आणि मध्येच सर ब्लोअर ट्रिप करतात, म्हणजे बंद पाडतात. आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांनी कार्गो पंप तसाच चालू ठेवला. तेल बाहेर जातंय पण गॅस आत येत नाही, त्यामुळे टँकमधला दाब घसरत गेला, पीव्ही व्हॉल्व्ह (दाब फार वाढला किंवा घटला की आपोआप उघडणारा) उघडला आणि बाहेरची हवा आत. पंप आधी थांबवायचा असतो.

आता तक्रार. टँकमध्ये ऑक्सिजन किती, वाफ किती, हे शेवटी हातातला मीटरच सांगतो. साधा एक्स्प्लोझिमीटर नमुन्यातला गॅस तारेवर जाळून आकडा देतो. इनर्ट केलेल्या टँकमध्ये जळायला ऑक्सिजनच पुरेसा नसतो, तर तो काय सांगणार? शून्याजवळ काटा दाखवून मोकळा होतो, आणि आत वाफ ठासून भरलेली असते. तिथे ऑक्सिजनशिवायही वाफ मोजणारा मीटर, म्हणजे टँकस्कोपच लागतो. हवा सोडण्याआधी पर्ज करून, म्हणजे इनर्ट गॅसने वाफ बाहेर ढकलून, ती २ टक्क्यांखाली आणायची, तीही त्याच्यावर मोजूनच. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला दुपारी जेवणानंतर अर्धा तास आणि एक स्लाइड! कपाटात एकच मीटर होता, बॅटरी मेलेली, कॅलिब्रेशनच्या स्टिकरची तारीख केव्हाच उलटलेली. आगीला जो टँक सुरक्षित, त्यात माणूस श्वास घेऊ शकत नाही. आत उतरायचं तर २१ टक्के ऑक्सिजन हवा, शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडही तपासायचे. हे सर तोंडाने कळकळीने सांगतात, पण हाताला सवय कुठून लागणार?

मी विचारलं, "सर, नवे मीटर?"

"मागवलेत."

"कधी येणार?"

"ते अकाउंट्सला विचार."

कँटीन ठीक. पोहे खा, सांबाराच्या वाटेला जाऊ नका. फी आजूबाजूच्या इतर ठिकाणांएवढीच आहे.

प्लांटला पाचपैकी पाच, सिम्युलेटरला चार, मीटरला एक, तोही कपाटाला कुलूप नव्हतं म्हणून. पैसे भरण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: बॅचला अलिबागचे सर आहेत ना, आणि टँकस्कोप प्रत्येकाला स्वतः कॅलिब्रेट करू देतात का. पलीकडून नुसतं "हो हो, आहे सगळं" आलं, तर स्पॅन गॅसच्या (मीटर जुळवायला वापरायच्या ठरलेल्या प्रमाणाच्या गॅसच्या) बाटलीवर तारीख कुठली आहे तेही विचारा.